ईमेलखालची ताकीद

आमच्या कंपनीत एकदा ॲडमिनकडून सगळ्यांना ईमेल आला होता, "आज कॅन्टीनमध्ये पोहे संपले आहेत, उपमा मिळेल." मजकूर एवढाच. आणि त्याखाली बारीक राखाडी अक्षरांत हा एवढा मोठा परिच्छेद. हा संदेश गोपनीय आहे. ज्यांना उद्देशून पाठवला आहे त्यांच्याखेरीज इतर कोणी तो वाचू नये, त्याची नक्कल करू नये, तो कोणाला सांगू नये, त्यावर विसंबून काहीही करू नये. आपल्याला तो चुकून आला असल्यास पाठवणाऱ्याला कळवून ताबडतोब पुसून टाकावा. म्हणजे काय, तर पोहे संपल्याची बातमी बाहेर फुटता कामा नये! त्या दिवशी सगळा मजला हसत होता, मीही हसले.

आता मला हसू येत नाही, राग येतो. लोक म्हणतात, अहो, एवढं काय मनावर घेता, कोणी वाचतं का ते? नाही ना वाचत? मग कशाला लावता? आणि मी मनावर घेतलं, त्यापायी माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचं वाटोळं झालं. त्याची नोकरी जाणारच होती, ती मी वाचवू शकले नसते. पण दुसरी नोकरी त्याच्या हातात आलेली होती, आणि ती माझ्यामुळे गेली.

पहिल्यापासून सांगते. आमचं ऑफिस नगर रोडला होतं, काचेच्या इमारतीत. काम सगळं अमेरिकेचं. मी तिथे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तकं लिहायचे, त्यामुळे ज्या कोणाला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे कळत नसे तो कागद घेऊन माझ्याकडे यायचा. एकदा कायदा खात्यातले एक गृहस्थ आले. अमेरिकेतल्या ग्राहकाची माणसं तपासणीला येणार होती आणि त्यांच्या यादीत एक प्रश्न होता, तुमच्या प्रत्येक ईमेलखाली गोपनीयतेची सूचना असते का? आमच्याकडे नव्हती. म्हणून या गृहस्थांनी ती एका दुसऱ्याच कंपनीच्या ईमेलखालून उचलून आणली होती. 'नक्कल करण्यास सक्त मनाई आहे' हे वाक्य नक्कल करून आणलं होतं, आणि एका ठिकाणी त्या कंपनीचं नावसुद्धा तसंच राहिलेलं! मी ते नाव काढलं, तीन स्वल्पविराम सुधारले आणि विचारलं, "अहो, पण हे खाली का? वर लावा ना. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी फाटकावर लावतात की परसात? सगळं वाचून झाल्यावर कळणार की वाचायला मनाई होती, याला काही अर्थ आहे का?"

"वर लावलं तर लोक ते वाचत बसतील, मॅडम," ते म्हणाले.

"आणि हे कायद्याने टिकतं तरी का? समजा कोणी नाही पाळलं?"

"काही होत नाही. समोरच्याने कुठे कबूल केलेलं असतं? तपासणीला लागतं, बस." असं म्हणून ते कागद घेऊन गेले. तपासणीवाले आले, त्यांनी त्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली आणि परत गेले. परिच्छेद मात्र कायमचा राहिला.

मग त्याचं पेव फुटलं. एकाने लिहायचं, "मीटिंग किती वाजता?" खाली परिच्छेद. दुसऱ्याने लिहायचं, "चार." खाली परिच्छेद. तिसऱ्याने लिहायचं, "ओके." परत परिच्छेद. आमचे डायरेक्टर पूर्वी पिंपरीच्या कारखान्यात होते, त्यांना पडद्यावर वाचायची सवय नव्हती, ते सगळं छापून मागवायचे. 'चार' आणि 'ओके' एवढ्या मजकुरासाठी पाच-पाच पानं प्रिंटरमधून बाहेर पडायची आणि ती गोपनीय पानं दिवसभर प्रिंटरवरच पडून असायची. येणारा-जाणारा त्यावर चहाचा कप ठेवायचा.

माझ्या बाबतीत आणखी एक भानगड होती. कंपनीत एकाच नावाची दोन माणसं झाली की नंतर लागलेल्याच्या पत्त्यात नावापुढे 'दोन' हा आकडा लावायची पद्धत. आता माझं नाव काही जगावेगळं नाही. बंगळूरच्या ऑफिसात तंतोतंत माझ्याच नावा-आडनावाची एक बाई होती, एचआरमध्ये, वरच्या पदावर. ती आधी लागलेली, म्हणून ती बिनआकड्याची आणि मी दोन नंबरची. पत्ता टाइप करायला घेतला की संगणक आपणहून दोन्ही नावं पुढे करायचा आणि घाईतला माणूस पहिलं दिसेल ते दाबून मोकळा व्हायचा. संगणकाला का कोण जाणे, मीच आवडायचे. तिचे निम्मे ईमेल माझ्याकडे. कोणाची बाळंतपणाची रजा, कोणाची तक्रार, कोणाला इंटरव्ह्यूत नापास का केलं त्याची कारणं.

आणि मी शहाणी! दर वेळी खालची ताकीद पाळायचे. 'हा संदेश चुकून माझ्याकडे आला, मी तो पुसून टाकला आहे' असं पाठवणाऱ्याला कळवायचे. त्याच्याकडून 'थँक्स' यायचं. अख्ख्या कंपनीत ही ताकीद पाळणारी मी एकटीच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

याचं मूळ घरातच होतं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील तिथे नेमकं काय करतात हे आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि तिनेही कधी खोदून विचारलं नाही. तिथला गोपनीय कागद लाखेचं सील लावून हातात दिला जायचा आणि वर सही घेतली जायची. 'चुकून वाचला असल्यास विसरून जावे' असं त्याच्या तळाशी कोणी लिहीत नसे. त्यामुळे 'गोपनीय' हा शब्द दिसला की माझं तोंड आपोआप मिटायचं. एरवी ते मिटत नाही, हे घरचे सांगतील.

माझ्या शेजारी बसणारा हा माणूस मूळचा अमरावतीचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करायचा. वाघोलीला राहायचा, बायको तिथल्याच शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत. मी त्याला तू म्हणायचे, तो मला ताई म्हणायचा आणि जेवायला आम्ही रोज एकत्र बसायचो. त्याच्या डब्यातला ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "बाप्पा! ताई, हे तर आमची पोरगी खाते जी."

तो मला सगळं विचारायचा. दातांचा डॉक्टर कोणता, मुलीला शाळा कोणती, सासऱ्यांना पुण्यात काय काय दाखवायचं. आणि जे विचारायचा नाही तेही मी सांगायचे. "हा शर्ट परत घालू नकोस," "त्या दलालाच्या नादी लागू नकोस, लबाड दिसतो," "तुझ्या साहेबाला इतकं 'सर, सर' करू नकोस, डोक्यावर बसेल." त्याला त्याचा राग नव्हता. उलट बायकोला सांगायचा म्हणे, की ऑफिसात ताई आहेत तोवर मले टेन्शन नाही. त्याच्या बायकोने मला हे हौसेने सांगितलं होतं.

मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. आमच्याकडे आधी कॉफीबरोबरची बिस्किटं बंद झाली, मग नवी भरती बंद झाली, मग साहेब लोक दार लावून बसायला लागले. याच सुमाराला, जेव्हा कोणालाच कुठे नोकरी मिळत नव्हती, तेव्हा या पठ्ठ्याला हिंजवडीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. त्याने मंदीच्या आधी तिथे अर्ज करून ठेवला होता. पत्र हातात आलं. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आता वाघोली आणि हिंजवडी म्हणजे पुण्याची दोन टोकं. जायला दोन तास, यायला दोन तास, तेही बस वेळेवर आली तर. आमचं ऑफिस त्याला वीस मिनिटांवर. शिवाय त्याचा साहेब त्याला म्हणाला होता, "अरे, तू तर आमचा हुकमी माणूस, तू कशाला काळजी करतोस?" त्यामुळे बिचाऱ्याचं काही ठरत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मला एक ईमेल आला. विषय, 'अंतिम यादी'. पाठवणारे आमच्या पुण्याच्या ऑफिसातले एचआरचे साहेब. त्या आठवड्यात वार्षिक समारंभासाठी टी-शर्टांची मापं गोळा करणं चाललं होतं. मला वाटलं, तीच यादी असणार. म्हणून बिनधास्त उघडली. तर मापं कसली! सतरा-अठरा नावं, आणि प्रत्येकापुढे कामाचा शेवटचा दिवस, येता सोमवार. चौथं नाव माझ्या शेजाऱ्याचं.

तो तिथेच बसला होता, हाताच्या अंतरावर. कानात गाणी लावून मान डोलावत होता.

मी ईमेलच्या तळाशी गेले. तिथे तो परिच्छेद होताच, माझ्याच हाताने स्वल्पविराम सुधारलेला. कोणाला सांगू नये. त्यावर विसंबून काहीही करू नये. दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एक संदेश आला, की पाठवणाऱ्याला आपला आधीचा संदेश परत घ्यायचा आहे. काय अक्कल आहे बघा! ज्याने आधीचा उघडला नसेल तोही आता धावत जाऊन उघडणार. मी मात्र नेहमीसारखं कळवलं, की संदेश चुकून माझ्याकडे आला, पुसून टाकला आहे. त्यांचं दोन शब्दांचं उत्तर आलं, "प्लीज इग्नोर." खाली परिच्छेद.

दुपारी डबा उघडता उघडता तो म्हणाला, "ताई, मले एक सांगा. जाऊ का राहू?"

मी पोळीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. चावत राहिले.

"साहेब तर राहा म्हणतात. बायको म्हणते, इतक्या दूर काहून जाता? तुम्ही सांगा, तुम्ही म्हणाल तसं करतो."

आणि मी, जी त्याच्या शर्टापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यावर मत देत होते, ती काय म्हणाले? "मी काय सांगणार बाबा? तुझं तू बघ." आणि भाजी वाढून घेतली. असं तुटक बोलले याची मला तेव्हाच लाज वाटली, पण मनात एकच घोकत होते, हे माझ्यासाठी नव्हतंच, मी हे वाचलेलंच नाही.

बुधवार गेला. मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. स्वतःशीच भांडत होते. सांगितलं आणि कळलं, तर माझीही नोकरी जाईल. बरं, यादी बदलली तर? मी सांगितल्यामुळे तो गेला आणि इथे त्याला ठेवणारच होते असं निघालं तर? अशी शंभर कारणं माणूस काढतो. खरं कारण असं होतं की मला नियम पाळणारी म्हणून मिरवायची सवय लागली होती. कायदा खात्यातल्या त्या गृहस्थांनी 'काही होत नाही' असं मला तोंडावर सांगितलेलं होतं आणि तरीही मी गप्प बसले. त्या परिच्छेदाचा राग येतो म्हणते, त्यात स्वतःचा किती आहे हे मला चांगलं कळतं.

गुरुवारी संध्याकाळी त्याने बॅग आवरली आणि मोकळ्या मनाने म्हणाला, "ताई, नाही म्हणून कळवून टाकलं. डोक्याचा ताप गेला." मी म्हणाले, "बरं." शुक्रवारचा दिवस अजून हातात होता, तो फोन करून शब्द फिरवू शकला असता. शुक्रवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले.

सोमवारी अकरा वाजता त्याला आत बोलावलं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा बरोबर सुरक्षारक्षक होता. गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलेलं. टेबलावरचा मुलीचा फोटो, डबा आणि पाण्याची बाटली त्याने पिशवीत टाकली. सहा वर्षांच्या नोकरीचं सामान तेवढंच. माझ्याकडे बघून म्हणाला, "असं कसं झालं हो, ताई?" आणि मी रडायला लागले. त्याने मलाच धीर दिला. जा बुडून मर, असं मी स्वतःला त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेल.

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दोन दिवसांनी. खाली टपरीवर चहा घेताना आमच्याच मजल्यावरचे दोघे सहज बोलत होते. ती यादी आदल्या बुधवारी सकाळीच सगळीकडे झाली होती! ज्यांना ती रीतसर पाठवली होती त्यांनीच आपापल्या मर्जीतल्या लोकांना सांगितली होती. यादीतल्या दोघांनी तर सोमवारच्या आत दुसरीकडे सोयसुद्धा लावून घेतली. मी म्हणाले, "अहो, मग त्याला का नाही कोणी सांगितलं?"

त्यातला एक म्हणाला, "तुमच्या शेजारी बसतो ना? आम्हाला वाटलं, तुम्ही सांगितलं असेलच. तुम्ही कशा गप्प बसाल?"

त्याच दिवशी मी वरच्या सगळ्या साहेबांना एक खरमरीत ईमेल लिहिला, की हा परिच्छेद काढून टाका, याने एकही गुपित राखलं जात नाही, याचा उपयोग शून्य आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' त्याखाली परिच्छेद होता. आणि विचाराल तर माझ्या खरमरीत ईमेलखालीही होता, कारण तो संगणक आपोआप लावायचा, मला काढता येत नव्हता.

त्याला जवळजवळ वर्षभर काम मिळालं नाही. हिंजवडीवाल्यांना त्याने परत फोन केला होता, पण तोवर त्यांनीही भरती बंद केली होती. मुलीला आणि बायकोला काही महिने अमरावतीला ठेवावं लागलं, बायकोची शाळेतली नोकरी त्यात सुटली. शेवटी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात तो मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागला. मी अधूनमधून फोन करायचे, खुशाली विचारायचे, आणि दर वेळी जे सांगायचं ते न सांगताच फोन ठेवायचे. एका शनिवारी मात्र सोलापूरच्या रस्त्याची बस पकडली आणि तिथे गेले.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलो. तो बारीक झाला होता, पण मला बघून खरोखरच खूश झाला. "ताई, इतक्या दूर आल्या! चहा घेता ना जी?" मी म्हटलं, चहा राहू दे, आधी ऐक. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मंगळवारचा ईमेल, चौथं नाव, डबा खाताना त्याने विचारलेलं, सगळं. का नाही बोलले, तर खाली ती ताकीद होती, हेही सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाला, "कोणती ताकीद?"

"अरे, प्रत्येक ईमेलखाली असायची ती. गोपनीयतेची."

"खाली काही असायचं का? मी तर कधी वाचलं नाही. काय लिहिलेलं होतं?"

मला तोंडपाठ होतं. मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. बाजूच्या टेबलावरची मुलं माझ्याकडे बघायला लागली. तो लक्ष देऊन ऐकत होता, वर्गात एखादं पोर ऐकतं तसा.

"आणि हे मोडलं असतं तर काय केलं असतं त्यांनी?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं. काहीच करू शकत नव्हते."

तो चिडला नाही. चिडला असता, ओरडला असता, तर मला बरं वाटलं असतं. मग खाली मान घालून हळूच म्हणाला, "मी साहेबाच्या सांगण्यावरून नव्हतो राहिलो, ताई. बायकोच्याही नाही. त्या दिवशी तुम्हाले विचारलं, तुम्ही काही बोलल्या नाही. मी म्हटलं, वाईट काही असतं तर ताई चूप बसल्या नसत्या. म्हणून राहिलो."